आलेखावरील बिंदू आणि त्याचा मालक

गणिताच्या गृहपाठाविषयी समाजवादी कार्यकर्त्यांनी विचार करावा असे म्हटले, तर अनेकांना हसू येईल. सोयाबीनचे पडलेले भाव, पीकविम्याची रखडलेली रक्कम, ऊसतोडणीला गेलेली गावेच्या गावे, हे प्रश्न समोर आ वासून उभे असताना नववीच्या मुलीने (३, ५) हा बिंदू आलेख कागदावर मांडला काय किंवा मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवून मांडला काय, त्याची चिकित्सा करण्यास सवड कोणाला आहे? परंतु सार्वजनिक शिक्षणात खासगी भांडवलाचा शिरकाव झाला तो अशाच लहानशा, निरुपद्रवी दिसणाऱ्या दारांतून झाला, हे विसरून चालणार नाही. शाळा विकत घेण्याची भाषा कोणी करीत नाही. 'परस्परसंवादी गृहपाठ' विकत देण्याची भाषा मात्र आज तालुक्यातालुक्यांत ऐकू येते, आणि तिचे बिल सार्वजनिक निधीतून चुकते करावे अशी अपेक्षा असते.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. बालभारतीच्या नववीच्या गणित भाग दोनमध्ये सातवे प्रकरण निर्देशक भूमितीचे आहे. दहावीच्या भाग एकची सुरुवातच दोन चलांतील रेषीय समीकरणांनी होते आणि ती आलेखाने सोडवावी लागतात. आडवा अक्ष, उभा अक्ष, आरंभबिंदू, चार चरण, आणि मग दिलेल्या निर्देशकांवरून बिंदूची जागा. संगणकावरील स्वाध्यायात हेच काम पडद्यावर होते. चौकटींची जाळी दिसते, विद्यार्थी एका जागी टिचकी मारतो, यंत्र त्या जागेचे निर्देशक वाचते, उत्तराशी ताडून पाहते आणि तत्क्षणी निकाल देते. पन्नास वह्या तपासण्यास शिक्षकाला दोन दिवस लागत असतील, तर येथे काही क्षण पुरतात. हा लाभ खरा आहे. तो नाकारण्यात काहीच पुरोगामीपणा नाही.

प्रस्तुत लेखकाने या जिल्ह्यात तीन दशकांहून अधिक काळ अर्थशास्त्र शिकवले. पदवीच्या पहिल्या वर्षाला मागणीचा वक्र फळ्यावर काढला की वर्गातील निम्मी मुले तो चित्र म्हणून उतरवून घेत. वक्रावरील एखाद्या बिंदूवर खडू टेकवून 'हा बिंदू काय सांगतो?' असे विचारले की शांतता पसरे. अमुक किमतीला अमुक नग मागितले जातात, एवढेच त्याचे उत्तर. पण बिंदू म्हणजे दोन संख्यांची जोडी, ही गोष्ट शाळेत हाताने पुरेशी न घडल्यामुळे ते सुचत नसे. त्यात अर्थशास्त्राने एक खोडी करून ठेवली आहे. मार्शलपासून किंमत उभ्या अक्षावर आणि मागणी आडव्या अक्षावर दाखवण्याचा प्रघात पडला, म्हणजे स्वतंत्र चल आणि अवलंबी चल यांच्या जागा गणिताच्या रिवाजाच्या उलट झाल्या. ज्याला अक्षांचा अर्थ कळला आहे तो ही उलटापालट सहज पचवतो. ज्याने फक्त बोट टेकवले आहे तो कायमचा गोंधळतो. आणि हा गोंधळ परीक्षेपुरता राहत नाही. अर्थसंकल्पाचा आलेख, पर्जन्यमानाचा आलेख, महागाईचा आलेख वर्तमानपत्रात रोज छापून येतो. तो वाचता न येणारा नागरिक सत्ताधाऱ्यांच्या सोयीचा असतो.

म्हणून स्वाध्याय कसा केला आहे, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून देण्याजोगा नाही. एक साधे उदाहरण घ्या. स्वाध्याय करणाऱ्याने (४, ४) हा बिंदू मांडण्यास सांगितले, तर आडवे आणि उभे यांची गल्लत करणारा विद्यार्थीही बरोबर ठरतो. चूक तेथेच आहे, पण यंत्राला ती दिसत नाही. निर्देशकांत शून्य असेल तर धन-ऋणाची चूक त्याच रीतीने लपून जाते. प्रत्येक मुलाला वेगळ्या संख्या मिळाव्यात म्हणून यंत्राकडून संख्या निवडून घेतात, ती युक्ती चांगली आहे, कारण नक्कल थांबते; परंतु कोणत्या संख्या टाळायच्या हे आधी ठरवून दिले नाही तर त्या युक्तीचे मातेरे होते. जो विद्यार्थी (३, ५) ऐवजी (५, ३) वर टिचकी मारतो, त्याला 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' एवढेच सांगणे म्हणजे न शिकवणे होय. त्याला 'आधी आडवे चाल, मग उभे चढ' असे सांगावे लागते. जो (-२, ४) ऐवजी (२, ४) वर जातो त्याला चरणाची आठवण द्यावी लागते. चुकांच्या या जाती कोणाला ठाऊक असतात? ज्याने वीस वर्षे त्या वह्यांत पाहिल्या आहेत त्याला. बंगळुरूच्या कार्यालयात बसून कार्यक्रमाच्या ओळी लिहिणाऱ्या तरुणाला नव्हे, मग तो कितीही हुशार असो.

रेषेच्या आलेखाची गोष्ट आणखी बोलकी आहे. क्ष + य = ५ ही रेषा काढण्यासाठी कोणी (०, ५) आणि (५, ०) घेईल, कोणी (१, ४) आणि (२, ३) घेईल, कोणी (-१, ६) घेण्याचे धाडस करील. उत्तरे अनंत आहेत आणि सगळी बरोबर आहेत. चांगला स्वाध्याय विद्यार्थ्याने मांडलेले दोन्ही बिंदू समीकरणात घालून पाहतो, ते परस्परांपासून भिन्न आहेत एवढी खात्री करून घेतो आणि त्याला मोकळे सोडतो. आळशी स्वाध्याय आपल्या पोटात दोन ठराविक बिंदू घेऊन बसलेला असतो. त्याखेरीज काहीही मांडले की तांबडी फुली. बरोबर उत्तराला चूक म्हणणारा शिक्षक वर्गात असता तर पालकांनी जाब विचारला असता. यंत्राला जाब विचारण्याची रीत अजून आपल्याकडे पडलेली नाही. शिवाय पडद्यावर अक्ष तयार, जाळी तयार, प्रमाण तयार. कागदावर मात्र 'एक सेंटिमीटर बरोबर एक एकक' की 'एक सेंटिमीटर बरोबर शंभर रुपये' हे विद्यार्थ्याला स्वतः ठरवावे लागते, आणि आलेखातील अर्धी अक्कल तेथेच लागते. शालान्त परीक्षेत प्रमाण त्यालाच लिहावे लागते, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत.

एका तालुक्याच्या गावी अशाच एका कंपनीच्या प्रतिनिधीचे प्रात्यक्षिक पाहण्याचा योग आला होता. रंगीत पडदा, टाळ्यांचा आवाज, बरोबर उत्तराला उडणारे फुगे. सूचना इंग्रजीत होत्या, आणि मराठी आवृत्तीत 'ओरिजिन'ला आरंभबिंदू म्हणायचे की 'मूळ', याचा निर्णय झालेला दिसत नव्हता. दोन पानांवर दोन शब्द होते. मुलांच्या टिचक्यांची नोंद कोठे साठते, असे एका शिक्षिकेने विचारले. 'सुरक्षित असते' असे उत्तर मिळाले. कोठे, हे विचारले होते. कोणत्या मुलाने कोणता प्रश्न किती वेळा चुकवला आणि किती वाजता सोडवला, ही नोंद म्हणजे व्यापाराचा कच्चा माल आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील सर्वांना बालक मानतो आणि त्यांच्या विदेसाठी पालकांची संमती मागतो. त्याच कायद्यात काही वर्गांना सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

कंपन्यांवर विसंबल्याने काय होते याचा दाखला शोधण्यास दूर जावे लागत नाही. आलेख काढण्याचे 'जिओजेब्रा' नावाचे साधन मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात, विद्यार्थी असताना, तयार केले. जगभरच्या शिक्षकांनी ते फुकट वापरले, त्यात हजारो स्वाध्याय घातले, त्याची भाषांतरे केली. डिसेंबर २०२१ मध्ये ते आपल्या देशातील बायजूज या कंपनीने विकत घेतले. त्यापूर्वी वर्षभर तीच कंपनी व्हाइटहॅट ज्युनिअर तीस कोटी डॉलरना घेऊन बसली होती आणि भारतीय क्रिकेट संघाच्या अंगरख्यावर तिचे नाव झळकत होते. २०२२ मध्ये तिचे मूल्य दोन हजार दोनशे कोटी डॉलर सांगितले जात होते. त्याच वर्षी आंध्र प्रदेश सरकारने तिच्याशी करार केला आणि सरकारी शाळांतील आठवीच्या मुलांच्या हाती तिचा मजकूर भरलेले टॅब दिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विक्रीच्या पद्धतींबाबत राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखाला पाचारण केले. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीवरून कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शिक्षकांच्या सामुदायिक श्रमावर वाढलेली एक वस्तू अशा रीतीने शेअरबाजारी महत्त्वाकांक्षेच्या दावणीला बांधली गेली. कंपनी बुडाली याचे दुःख करण्याचे आपल्याला कारण नाही. पण मुलांच्या अभ्यासक्रमाचा एक तुकडा तिच्या ताळेबंदाला जोडला जावा, हे कोणी ठरवले?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक जुनी गोष्ट दिसते. बिंदू मांडण्याचा स्वाध्याय एकदा तयार झाला की त्याची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. हजारावी प्रतही तेवढीच. सीमान्त खर्च शून्याच्या जवळ असलेल्या वस्तूवर दर विद्यार्थ्यामागे दर वर्षी आकारलेली रक्कम म्हणजे किंमत नव्हे, तो खंड आहे. रिकार्डोने जमिनीविषयी जे सांगितले त्याच जातीचा. जमीन निदान निसर्गाने मर्यादित ठेवली आहे. येथे मर्यादा परवान्याने आणि परवलीच्या शब्दाने मुद्दाम निर्माण केली जाते. मराठवाड्याला कुळाचे दुःख सांगावे लागत नाही. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यासाठी ज्यांनी लढे दिले, त्यांच्या नातवंडांनी बालभारतीच्याच प्रकरणासाठी वार्षिक खंड भरावा, ही विटंबना आहे.

आता आपल्याच गोटातील काही मित्रांशी भांडले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, संगणक आणि मोबाइल ही भांडवलशाहीची अपत्ये आहेत. खडू, फळा आणि वही यांच्या पलीकडे गरिबाच्या शाळेने जाऊच नये. ही भूमिका ऐकायला कणखर आहे, परिणामात मात्र ती कंपन्यांच्या पथ्यावर पडते. साठच्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध पहारे दिले. त्यामागे नोकऱ्यांची रास्त काळजी होती. पण १९८३ मध्ये बँक कर्मचारी संघटनांनी इंडियन बँक्स असोसिएशनशी करार केला तेव्हा प्रश्न यंत्र येणार की नाही हा राहिला नव्हता. कोणत्या अटींवर येणार, हा झाला होता. शाळांच्या बाबतीत आपण पहिल्याच प्रश्नाशी थबकून राहिलो, आणि अटी ठरवण्याचे काम खरेदी समित्यांनी उरकले.

दुसरा एक वर्ग म्हणतो, खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला हे जमणार नाही. यामागील तुच्छता लपत नाही. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे राज्याने तो आपलासा केला. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. एका माणसाच्या कर्तबगारीवरून सर्वांचे माप काढू नये हे मान्य. पण 'जमणार नाही' हे विधान खोटे ठरवण्यास एक उदाहरण पुरते, हे गणितच आहे.

आणि साधने कोणाच्या तिजोरीत बंद नाहीत. जर्मनीतील बायरॉइट विद्यापीठात तयार झालेले 'जेएसएक्सग्राफ' हे आलेखाचे साधन मुक्त परवान्याचे आहे. त्याची फाइल मोबाइलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्राहून लहान असते. त्यात केलेला स्वाध्याय पेनड्राइव्हवर घालून नेता येतो आणि इंटरनेट नसलेल्या संगणकावरही उघडतो. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठाच्या गणित प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकात 'वेबवर्क' ही गृहपाठाची प्रणाली उभी केली ती अशीच सर्वांसाठी खुली ठेवली. भांडवलशाहीच्या माहेरघरातील प्राध्यापकांना जे सुचले ते आपल्या जिल्ह्याने करू नये, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

या जिल्ह्याला तर ते शोभणारे आहे. निजामी राजवटीत शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि दारुल तर्जुमाने विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणली. भारतीय भाषेत उच्च गणित शिकवता येते हे त्या प्रयोगाने दाखवले, पण मराठी मुलासाठी ती भाषाही परकीच होती. त्याच काळात, १९२१ मध्ये, आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली. दिल्ली-मुंबईत ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगारांचे काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ १९२९ मध्ये तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. अनुदान नव्हते, राजाश्रय नव्हता. अभ्यास काय असावा आणि तो कोणत्या भाषेत असावा, हे त्या शिक्षकांनी ठरवले. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या माध्यमिक प्रशाला आजही इतर विभागांच्या मानाने अधिक दिसतात, तो हैदराबाद राज्याच्या सरकारी शाळांचा वारसा आहे. नववी-दहावीचा वर्ग आपल्याच लोकनियुक्त संस्थेच्या हाती असणे ही केवढी सोय आहे, याची जाणीव आपल्यालाच कमी आहे.

शिक्षकांच्या हातून स्वाध्याय झाले तर त्यात काय येईल? कळंबच्या किंवा लातूरच्या बाजार समितीतील सोयाबीनचे आठवड्याचे सरासरी भाव घ्या. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर क्विंटलचा भाव. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेला हमीभाव ४,८९२ रुपये होता. विद्यार्थ्याने प्रथम य = ४,८९२ ही रेषा काढावी; ती आडव्या अक्षाला समांतर का आहे हे सांगावे. मग एकेक बिंदू मांडावा. त्या हंगामात बाजारातले भाव दीर्घकाळ या रेषेखालीच रेंगाळले. प्रत्येक बिंदूपासून रेषेपर्यंतचे उभे अंतर म्हणजे बापाला क्विंटलमागे बसलेली खोट, हे नववीच्या पोराला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. विहिरीची पाणीपातळी महिन्यागणिक मांडता येईल, परंड्याचे पर्जन्यमान मांडता येईल. फुगे उडवणाऱ्या कंपनीने असा प्रश्न कधी विचारल्याचे ऐकिवात नाही.

गृहपाठ 'ऑनलाइन' असावा का, याविषयी मात्र माझे मत प्रतिकूल आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय. त्यानंतर मोबाइल वाढले हे खरे. 'असर' २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिकांना स्मार्टफोन वापरता येतो. परंतु त्यांतील ५७ टक्क्यांनी आठवडाभरात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. घरातला एकमेव फोन बापाच्या खिशात शेतावर जातो. संध्याकाळी तो आधी मुलाच्या हाती पडतो, मुलीची पाळी नंतर येते. बाप-आई दिवाळीनंतर तोडणीला गेली की फोनही फडावर जातो. २०२० च्या टाळेबंदीत 'शाळा बंद पण शिक्षण आहे' ही घोषणा झाली तेव्हा शिक्षण कोणाच्या घरी होते आणि कोणाच्या नव्हते, हे आपण पाहिले आहे. म्हणून पडद्यावरचा सराव शाळेच्या तासाला, शाळेच्या संगणकावर आणि शिक्षकाच्या देखत व्हावा. घरी आलेख कागदच असावा. यंत्राने तपासणीचे दोन दिवस वाचवले तर ते मागे पडलेल्या मुलांना मिळावेत.

येथे शिक्षकांच्या श्रमाचा प्रश्न येतो आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. निवडणूक याद्या, सर्वेक्षणे, छायाचित्रे चढवणे यांतून सुटका नसलेल्या शिक्षकाला 'स्वाध्यायही तुम्हीच करा' असे सांगणे म्हणजे फुकटची वेठबिगार होय. हे काम कामाच्या तासांत धरले पाहिजे. केंद्राच्या योजनेखाली कंत्राटदारांमार्फत शाळांत संगणक कक्ष उभे राहिले, कराराची मुदत संपली आणि संगणक शिक्षक घरी बसले; यंत्रे धूळ खात राहिली. तो मार्ग पुन्हा नको. पैसा नाही हे उत्तरही नको. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्चण्याची शिफारस केली, त्यासाठी १९८५-८६ ची मुदत सांगितली. २०२० च्या धोरणाने तोच सहाचा आकडा पुन्हा लिहिला. चोपन्न वर्षांत बिंदू जागचा हलला नाही. उलट २०२३ मध्ये राज्याने शाळा दत्तक देण्याची योजना काढली आणि कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचा विचार पुढे आणला. धाराशिव २०१८ पासून निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकांक्षा कोणाची, ते विचारायचे राहून गेले.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम त्यामुळे बरेच नेमके आहे. शिक्षण हक्क कायद्याखालील शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार त्या समितीचा आहे. आठवीपर्यंतच्या शाळांत तो वापरावा. कायदा चौदाव्या वर्षी थांबतो आणि निर्देशक भूमिती नववीत सुरू होते, म्हणून प्रशालांसाठी जिल्हा परिषदेच्या सभेत प्रश्न न्यावा लागेल. जिल्हा वार्षिक योजनेतून 'नावीन्यपूर्ण' या शीर्षकाखाली टॅब किंवा मजकूर खरेदीचा प्रस्ताव आला की परवाना किती वर्षांचा, करार संपल्यावर स्वाध्याय शाळेकडे राहतात का, भाषा बालभारतीची आहे का, आणि मुलांची नोंद कोणाकडे जाते, ही माहिती लेखी मागावी; माहिती अधिकाराचा अर्ज त्यासाठी पुरेसा आहे. तेवढ्याच रकमेत आठही तालुक्यांतून दोन-दोन गणित शिक्षकांना एक सत्र कार्यमुक्त करून त्यांच्याकडून नववी-दहावीच्या आलेखांचे स्वाध्याय करून घ्यावेत आणि ते खुल्या परवान्याने सर्व शाळांना द्यावेत, असा पर्यायी प्रस्ताव सोबत ठेवावा. शाळांची थकलेली वीजबिले त्याच बैठकीत निघतील तर उत्तमच, कारण तोडलेल्या जोडणीवर मुक्त काय आणि बंदिस्त काय, कोणताच स्वाध्याय उघडत नाही.